शेवटचा दाणा



दुकानाची गादी मुलांच्या स्वाधीन केल्यावर हाती उरलेल्या वेळाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या समाजातील पुष्कळ वडीलधाऱ्यांसमोर आज उभा आहे. त्यावर उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून या वेळी केवळ स्वतःचा एक अनुभव आपल्यापुढे ठेवीत आहे. गेली दीड वर्षे मी मांजर्लीतील आमच्या भुसार दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर लाकडी वाट्या उतरविण्यास शिकत आहे.

या उद्योगाचे निमित्त घरातलेच होते. माझ्या धाकट्या बहिणीने तीस वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. त्या दिवसापासून ती आमची बहीण राहिली नाही. आम्ही तिला महाराजसाहेब म्हणतो आणि वंदन करतो. परवाच्या वर्षी त्यांचा चातुर्मास बदलापुरात झाला. एके दिवशी त्या गोचरीस आमच्या घरी आल्या असता माझ्या पत्नीने भात वहोरावला, आणि माझी दृष्टी त्यांच्या पात्र्याच्या काठावर गेली. काठाचा नखाएवढा टवका उडालेला होता व तेथून खाली एक बारीक चीर उतरत होती. मी काही बोललो नाही. परंतु मनाशी निश्चय केला की, हे पात्र आपण आपल्या हाताने करून द्यावयाचे.

श्वेतांबर साधु-साध्वींची पात्रे लाकडाची का असतात, हे आपण जाणतोच. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात पात्रैषणेचे स्वतंत्र अध्ययन आहे. तुंब्याचे, लाकडाचे आणि मातीचे अशी तीनच प्रकारची पात्रे तेथे ग्राह्य मानली आहेत. सोने-रुपे तर राहोच, पण लोखंड, तांबे, काच, शंख, हस्तिदंत यांचीही पात्रे त्याज्य ठरविली आहेत. ज्याला मोल आहे त्यावर मन जडते, आणि ज्यावर मन जडते त्याची राखण करावी लागते. दिगंबर मुनी तर पाणिपात्र. ओंजळ हेच त्यांचे भांडे. श्वेतांबर परंपरेत मात्र एकात एक बसणारी पात्री आणि दोरीने उचलण्याची तरपणी झोळीतून गावोगाव हिंडतात. ती पायी विहारात स्वतः वाहून न्यावयाची असतात, म्हणून हलकी हवीत. आहारानंतर पात्र धुऊन ते पाणीही प्राशन केले जाते, जेणेकरून अन्नाचा कण वाया जाऊ नये. त्यासाठी आतील बाजू गुळगुळीत हवी. हे दोन गुण, हलकेपणा आणि गुळगुळीतपणा, ऐकण्यास सोपे वाटतात. लाकडात ते उतरविणे किती कठीण आहे, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

दिवाळीनंतर एक जुना लेथ विकत घेतला. शिकविण्यास उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आयुष्यभर पलंगाचे पाये व खुर्च्यांचे दांडे उतरविलेले एक वृद्ध मिस्त्री मिळाले. अशा कारागिरास जुन्या मराठीत ‘कातारी’ म्हणत आणि त्याच्या कामास ‘कातीव काम’. आपल्या घरातील लाटणे, ताक घुसळण्याची रवी, मुलांचा भोवरा ही सर्व त्याचीच लेकरे. पूर्वी एक जण दोरीने लाकूड पुढे-मागे फिरवी व दुसरा हत्यार धरी. आता विजेची मोटर ते एकाच दिशेने अखंड फिरविते. एवढाच फरक. लाकूड फिरते, हत्यार स्थिर राहते, ही मूळ कल्पना तीच आहे.

पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाले, “शेठ, हत्यार दाबू नका. टेकूवर ठेवा, धारेची पाठ लाकडाला टेकवा, आणि मग मूठ हळूच उचला. लाकूड आपण होऊन येते.” मी मान डोलावली आणि दाबले. गोल पटाशीचे टोक लाकडात रुतले, मोठा आवाज झाला, आणि तुकडा चकातून निसटून पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. चेहऱ्यावर जाळीचे नव्हे, पूर्ण पारदर्शक आवरण होते म्हणून आज हे लिहीत आहे. नवशिक्याने ही गोष्ट विसरू नये. सैल बाही, उपरणे, गळ्यातील साखळी, हातातील कडे यांपैकी काहीही अंगावर ठेवून लेथपाशी उभे राहू नये. नाका-तोंडावर पट्टी बांधावी, कारण सागवान व शिसवीचा बारीक भुसा अनेकांना बाधतो. मुहपत्ती आपण वायुकायाच्या जयणेसाठी धरतो. ही पट्टी स्वतःच्या फुप्फुसांच्या जयणेसाठी.

वेगाचा हिशेब व्यापाऱ्यास चटकन समजेल असा आहे. वाटीचा व्यास इंचांत घ्यावा आणि लेथच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावा; गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा. आठ इंचांच्या वाटीस म्हणजे साधारण ७५० ते ११०० फेरे. तुकडा अद्याप ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी वेगाने आरंभ करावा.

रीत अशी. ओंडका मधोमध चिरावा व मधला गाभा काढून टाकावा, कारण तडा तेथूनच सुटतो. तुकडा गोल कापून, जी बाजू पुढे वाटीचे तोंड होणार तिला लोखंडी चकती स्क्रूने बसवावी आणि प्रथम बाहेरचा आकार काढावा. बाहेरून हत्यार बुडाकडून काठाकडे न्यावयाचे. मग बुडाशी चकाने पकडण्याजोगा छोटा गोल पाया ठेवून वाटी उलटावी व आत कोरावी. आत कोरताना मात्र काठाकडून मध्याकडे. ही दिशा चुकली की लाकडाचे धागे कापले न जाता उपटले जातात. वाटीच्या फेऱ्यात दोन जागा अशा येतात की जेथे धागे उभे समोर येतात. नवशिक्याची वाटी तेथे नेहमी खरबरीत दिसते. पॉलिशपेपर घासून ती जागा सुधारेल असे मला वाटे. मिस्त्रींनी पेपर काढून घेतला व सहाणेकडे बोट दाखविले. खरबरीतपणाचे औषध धार हेच. दर काही मिनिटांनी हत्यार पुन्हा धारेस लावण्याचा आळस केला, तर पुढे तासभर घासूनही डाग राहतो.

पहिल्या हिवाळ्यात बाजारातील सुक्या सागवानी तुकड्यांच्या मी अकरा वाट्या केल्या. सागवानातील वाळूसारखे सूक्ष्म कण धार लवकर खातात, हेही तेव्हाच कळले. अकरांपैकी चार फुटल्या. एका वाटीचे बूड मी इतके पातळ केले की ते आरपार गेले व तिचे नरसाळे झाले. उरलेल्या सहा अशा जड होत्या की दुकानातील वजनमापांत खपून जाव्यात. महाराजसाहेबांनी असे ओझे घेऊन विहार करावा, ही कल्पनाच लाजविणारी होती. मिस्त्री म्हणाले की, जाड वाटी ही भीतीची खूण आहे. तुटेल या भयाने माणूस लाकूड ठेवीत जातो.

दुसरा प्रश्न लाकडाचा. आपल्या घरात हिरव्या झाडावर कुऱ्हाड चालविणे कोणास रुचणार नाही. शहरात तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार परवानगीवाचून झाड तोडताही येत नाही. म्हणून केवळ वाऱ्या-पावसाने पडलेली फांदी घ्यावयाची, असा नियम मी केला. बदलापूर जांभळांचे गाव. परंतु जांभळाचे लाकूड टणक व गुंतलेल्या धाग्यांचे. ते पाण्यात टिकते, म्हणून जुने लोक विहिरीच्या तळाशी घालीत. नवशिक्याच्या हाती मात्र ते शोभत नाही. आंबा त्यामानाने सोशिक. वळवाच्या वाऱ्यात शेजारच्या वाडीतील आंब्याची मोठी फांदी पडली, ती मालकाने आनंदाने दिली. ओंडका लेथवर चढविण्यापूर्वी त्यात भोके, भुकटी वा किड्यांची हालचाल आहे काय, हे मी उजेडात नीट पाहतो. तसे आढळल्यास तो ओंडका जसाच्या तसा वाडीच्या कुंपणाशी नेऊन ठेवतो. सूर्यास्तानंतर लेथ चालवीत नाही, कारण दिव्याभोवती जीव जमतात. मिस्त्री प्रथम हसले. पुढे तेच ओंडका उलटून पाहू लागले.

ओले लाकूड कापण्यास लोण्यासारखे, पण त्याची वाटी केली की ती वाळताना वाकडी होते. लाकूड वार्षिक वलयांच्या कडेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच आडव्या दिशेने आकसते. म्हणून गोल वाटी लांबट होते. यावर उपाय असा की, प्रथम वाटी जाड उतरवावी, म्हणजे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवावी. ती सावकाश वाळू द्यावी. हवे तेवढे वाकून झाले की पुन्हा लेथवर चढवून गोल व पातळ करावी. मी उतावीळपणे आषाढात हे केले. उल्हास नदीकाठची आमची हवा त्या दिवसांत कपडेही वाळू देत नाही. तीन आठवड्यांत सर्व वाट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली. ज्या घरात पावसाळ्यात भाजीचे पान निवडताना चष्मा लागतो, त्या घरात मी स्वतःच्या हाताने बुरशीची शेती केली होती. आई एवढेच म्हणाली, “घाई कोणाची होती?”

म्हणून दुसऱ्या खेपेस कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर आरंभ केला. त्याच बागेतील आणखी एका मोडलेल्या फांदीची जाड वाटी उतरविली, तिच्याच भुशासह तागाच्या पोत्यात ठेवली, आणि दर सोमवारी दुकानाच्या काट्यावर वजन केले. येथे आमचा धंदा उपयोगी पडला. पहिल्या दिवशी ७८० ग्रॅम, पौष सरता सरता ६१०, चैत्रात ५३०. मग सलग तीन सोमवार काटा ५३० वरच राहिला. वजन उतरणे थांबले म्हणजे लाकूड वाळले. याहून खात्रीची कसोटी नवशिक्यास दुसरी नाही. व्यापारात काटा स्थिर होण्यासाठी आपण क्षणभर थांबतो. येथे पाच महिने थांबलो.

वाटी पुन्हा लेथवर चढविली. या वेळी हत्यार दाबले नाही. भिंत पातळ होत गेली तसा कापण्याचा आवाज बदलत गेला, आधी घोगरा, मग वरच्या पट्टीतला. मिस्त्री डोळे मिटून तो ऐकत व “थांबा” म्हणत. शेवटी वजन १९० ग्रॅम भरले.

आता तिला तेज कशाने द्यावे? या प्रश्नासाठी मी दिव्याहून सुटणाऱ्या गाडीने सावंतवाडीस जाऊन आलो. तेथील चितार आळीतील लाकडी फळे, पाट, पोळपाट-लाटणी व खेळणी महाराष्ट्रात कोणास परिचित नाहीत? लेथवरच्या कामास लाखेचा रंग कसा चढतो, हे तेव्हा नीट समजून घेतले. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि केवड्याच्या पानाने घासले की तिला आरशासारखी चमक येते. कर्नाटकात चन्नपट्टणच्या खेळण्यांनाही हीच रीत आहे. कला थोर आहे व ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने जपणाऱ्यांविषयी मनात आदरच आहे. परंतु लाख किड्यापासून होते, आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचे नाव स्पष्ट आहे. मधमाशीचे मेणही त्याच कारणाने माझ्या उपयोगाचे नव्हते. हा प्रश्न त्या कारागिरांचा नसून माझ्या व्रताचा होता.

उरली वनस्पतींची तेले. शेंगदाण्याचे वा तिळाचे तेल लावू नये. शेंगतेल सुकतच नाही, तिळाचेही पूर्ण सुकत नाही, आणि दोन्ही कालांतराने खवट होतात. जवसाचे कच्चे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसते. पातळ थर द्यावा, पुसावा, काही दिवस वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. मी असे पाच थर दिले. येथे एक गंभीर सूचना. जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत. ज्यांच्या घरामागे दुकान वा गोदाम आहे त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

वैशाखात महाराजसाहेब विहार करीत बदलापुरास आल्या व दोन दिवस उपाश्रयात थांबल्या. मी वाटी स्वच्छ वस्त्रात गुंडाळून आईसह तेथे गेलो. वंदन करून ती समोर ठेवली. त्यांनी ती न्याहाळली. हाती घेतली नाही.

“काम सुंदर झाले आहे,” त्या म्हणाल्या. “कोणासाठी केलेत?”

मी मोठ्या उत्साहाने सर्व सांगितले. काठाचा टवका, लेथ, मिस्त्री, बुरशी, पाच महिने.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “भाग्यशाली, आमच्या निमित्ताने केलेली वस्तू आम्हांला कल्पत नाही. यंत्र चालले, वीज जळली, लाकूड कापले, तो सर्व आरंभ आमच्या खाती येईल. तुमच्या भावनेची अनुमोदना. पण ही घ्यायची नाही.”

वाचकहो, हा नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. साधूसाठी म्हणून शिजविलेले अन्न आपण वहोरावत नाही, हे लहानपणापासून आईने शिकविले आहे. पात्रालाही तोच नियम लागू आहे, हे दीड वर्षात एकदाही मनात आले नाही. कारण मी बहिणीसाठी करीत होतो, आणि समोर साध्वी होत्या. तीस वर्षे वंदन करूनही दादा म्हणणारी ती मुलगी मी मनातून सोडली नव्हती. माझा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला असावा. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “घरात वापरा. आणि शेवटचा दाणा बोटाने निघतो का, ते पाहा.”

घरी येऊन मी वाटीत मूठभर मुगाची डाळ शिजवून घातली, खाल्ली, आणि बोट फिरविले. भिंत जेथे बुडास मिळते तेथे हाताला न जाणवणारा एक कोन राहिला होता. त्यात दोन दाणे अडकले. बोटाने निघाले नाहीत. दीड वर्ष मी काठ पाहिला, चमक पाहिली, वजन पाहिले. ज्या कामासाठी वाटी होती ते काम तिच्यात एकदाही करून पाहिले नव्हते. द्यायची वस्तू म्हणून मी ती घडविली. वापरायची वस्तू म्हणून नव्हे. ती नाकारली गेली नसती, तर हा दोष मला कधीच कळला नसता.

वाटी आठवडाभर वाळू दिली व पुन्हा लेथवर चढविली. अर्धगोल धारेच्या घासणीने तो कोन काढला. भिंतीपासून मध्यापर्यंत एकच उतार केला. घासणीचे पाते टेकूवर किंचित खाली झुकवून धरावे, म्हणजे ते रुतत नाही. पुन्हा तेल, पुन्हा प्रतीक्षा. आता तिचे वजन १८४ ग्रॅम आहे.

ती आज आईजवळ असते. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आयंबिलाच्या दिवशी ती त्याच वाटीत आहार घेते, बोट फिरविते, पाणी घालून ते पिते, आणि वाटी पदराने कोरडी करून पालथी ठेवते. परवा म्हणाली, “हिच्यात काही उरत नाही.” मुलीच्या पात्र्याचे पुढे काय झाले, हे तिने विचारले नाही, मीही नाही. महाराजसाहेब वांगणी-नेरळच्या बाजूने कर्जतकडे गेल्या. त्यांचे पात्र त्यांना निर्दोष रीतीने कोठून तरी मिळेल, आणि ते मजकडूनच मिळावे हा आग्रह आता गेला आहे.

मी वाट्या करणे सोडलेले नाही. आणखी दोन ओंडके पोत्यात वाळत आहेत. त्या कोणासाठी, असे मिस्त्रींनी विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही, आणि हात मात्र पूर्वीपेक्षा हलका चालतो असे त्यांचे मत पडले.

ज्या वाचकांना ही कला शिकावयाची असेल, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. पहिली वाटी कोणास देण्याचे ठरवून आरंभ करू नका. सुक्या, स्वस्त, निर्जीव तुकड्यावर हात बसवा. जाणत्या कारागिरास मान देऊन शिका. त्याचे मोल रोख द्या व वेळेवर द्या. धार राखा. पावसाळ्यात ओल्या लाकडास हात लावू नका. आणि वाटी पुरी झाली असे वाटेल त्या दिवशी तिच्यात स्वतः जेवून पाहा. दोष असेल तर तो तेथेच सापडेल.